मुख्याध्यापक, एक नग

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही म्हणाली, शाळेतलं सगळं रोज मला ऐकवता, त्यापेक्षा लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. शाळेच्या स्टोअरमधली नाही, स्वतःच्या पैशांनी आणली आहे, याची नोंद असावी.

मुख्याध्यापक म्हणून रुजू होऊन आज चार आठवडे झाले. आधीचे मुख्याध्यापक बावीस वर्षं या खुर्चीवर होते. त्यांचं नाव काढलं की शिक्षकांचे डोळे भरून येतात. शिस्तीचा मात्र पार बोजवारा. भर तासाला तीस-चाळीस मुलं व्हरांड्यात बागेत फिरायला आल्यासारखी हिंडत असतात. विचारलं तर म्हणतात, पाणी प्यायला.

आजपासून परिपत्रक क्रमांक एक लागू. तासाला वर्गाबाहेर पडायचं तर पास हवा. दोन प्रतींत, कारणासह, आणि त्यावर सही फक्त मुख्याध्यापकांची. व्हरांड्यात पळायचं नाही, ओरडायचं नाही, डावीकडून एका रांगेत चालायचं. कोरे पास रोज पन्नास, एकही जास्त नाही.

उपमुख्याध्यापिकांनी परिपत्रक दोनदा वाचलं. हुद्द्यानं त्या माझ्या खाली आहेत, पण सगळी शाळा त्यांना 'मोठ्या बाई' म्हणते, हे मला खटकतं. त्यांनी विचारलं, तुम्ही जागेवर नसलात तर माझी सही चालेल का? म्हटलं, चालणार नाही, आणि मी जागेवर नसतो असं होत नाही. त्यांनी तेही परिपत्रकाच्या खाली माझ्याकडून लिहून घेतलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रोज सकाळी फाटकापाशी उभा राहतो. मुलांच्या बुटांच्या नाड्या हा एक स्वतंत्र विषय आहे. आज सतरा सुटलेल्या. थांबवून बांधायला लावतो. पाठीवर एवढं मोठं दप्तर असताना मुलं वाकली की तोंडावरच आपटायची, म्हणून दप्तर मला धरावं लागतं. माझा खांदा भरून आला आहे. आठवीतली एक बारकी मुलगी आहे, तिची नाडी तर रोज सुटलेली असते. तिला विचारलं, घरी कोणी गाठ मारायला शिकवलं नाही का? म्हणाली, शिकवलं होतं, पण ती सुटते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जिन्याखाली 'हरवलेल्या वस्तू' नावाची खोली आहे. खोली कसली, उकिरडाच. परिपत्रक क्रमांक चार काढलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, वर्णन, रंग, स्थिती. खोलीला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे. वस्तू परत हवी असेल त्यानं दोन प्रतींत दावा-अर्ज भरायचा, त्यात ओळखीची खूण लिहायची. मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल अशी. अर्ज माझ्याकडे, मी मंजूर केला तरच कुलूप उघडणार.

पहिलाच अर्ज त्या नाडीवालीचा. वस्तू: पाण्याची बाटली. ओळखीची खूण: निळी आहे. नामंजूर केला. तिला समजावून सांगितलं, बाळ, निळ्या बाटल्या जगात पुष्कळ आहेत, खूण म्हणजे त्या वस्तूकडे तू कधी नीट बघितलं आहेस याचा पुरावा. तास चुकेल म्हणून ती विचार करतच गेली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

माझ्या खोलीबाहेर आजवरच्या मुख्याध्यापकांचे फोटो आहेत. नऊ जण. प्रत्येकाच्या फोटोखाली पितळेची पट्टी, तिच्यावर एक आकडा. ४१ मिनिटं. १ तास १२. २३ मिनिटं. आधीच्या त्या लाडक्या गृहस्थांच्या खाली ६ मिनिटं. मी समजत होतो, भाषणाचा वेळ असावा.

आज शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, शोधायला लागलेला वेळ, साहेब. कोणाला शोधायला? तर मुख्याध्यापकांना.

प्रकार असा की हिवाळी सुट्टीच्या आधी इथे 'उत्साह सप्ताह' असतो. शेवटच्या शुक्रवारी बारावीचा वर्ग मुख्याध्यापकांना लपवतो. उरलेल्या शाळेनं तीनच्या घंटेच्या आत त्यांना शोधायचं. लपलेल्यानं बोलायचं नाही. ज्याचा हात लागेल त्यानं घंटा वाजवायची. रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ज्याला जेवढा वेळ लागतो तो त्याच्या फोटोखाली कायमचा.

हा शुद्ध पोरखेळ आहे. मी तसं मामांना सांगितलंही. मग सहज लक्ष गेलं, पाचव्या फोटोखाली आकडा नाही, नुसती आडवी रेघ आहे. मामा म्हणाले, ते होय, ते सापडलेच नाहीत. म्हणजे कुठे गेले? मामा म्हणाले, कुठे जाणार, प्रयोगशाळेतल्या कपाटात होते. मुलांनी थोडं इकडेतिकडे बघितलं आणि डबे खायला बसली. साहेब पाच वाजता स्वतःच बाहेर आले, अंगावरची धूळ झटकली आणि घरी गेले. सुट्टीनंतर बदली मागितली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हा प्रकार बंद करायचं ठरवून मोठ्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, जरूर बंद करा, अधिकार तुमचाच आहे. फक्त पट्टीवर काय कोरायचं ते सांगा. न सापडलेल्याला आणि न खेळलेल्याला रेघच आहे.

म्हटलं, राहू दे. परंपरा एकदम मोडू नये.

जाता जाता त्यांना विचारलं, अर्थात केवळ माहितीसाठी, यंदा साधारण किती वेळ लागेल असं वाटतं? त्या म्हणाल्या, "मुलं हुशार आहेत सर. त्यांना जे हवं असतं ते ती शोधतात." हे उत्तर मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. अजून पुरतं कळलेलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

हिला सगळं सांगितलं. ही पोटभर हसली. मग एकदम म्हणाली, "तुम्हाला कोणी शोधणार नाही असं वाटतंय का?" मी म्हटलं, प्रश्न शैक्षणिक वेळ वाया जाण्याचा आहे. ही म्हणाली, बरं.

मग हिनं उगाच ते जुनं प्रकरण काढलं. मी सात वर्षांचा असताना लपंडावात अंथरुणांच्या ढिगामागे लपलो होतो. राज्य दादावर होतं. दादा आणि मंडळी खेळता खेळता नदीवर पोहायला निघून गेली. मी दिवेलागणीपर्यंत तिथेच होतो. आत्ता येतील, मग हळूच मागून जाऊन दादाला धप्पा द्यायचा, असं ठरवून बसलो होतो. शेवटी आई अंथरुणं घालायला आली तेव्हा सापडलो, पण त्याला सापडणं म्हणत नाहीत. या गोष्टीचा इथे काही संबंध नाही. हिला सांगितली होती हीच चूक.

संध्याकाळी दादाला फोन केला, सहज. आठवतं का विचारलं. तो म्हणाला, कधी रे? कोण लपलं होतं?

सोमवार, १५ डिसेंबर

उत्साह सप्ताह सुरू झाला. आज वेगवेगळे मोजे घालायचा दिवस. गोंधळ नको म्हणून मी परिपत्रक काढलं होतं की डाव्या पायात पांढरा आणि उजव्यात काळा. सगळे एकसारखे वेगळे दिसत होते. मला तरी ते छान वाटलं. चित्रकलेचे शिक्षक खिडकीतून बाहेर बघत राहिले.

उद्या उलट्या कपड्यांचा दिवस. शिवण बाहेर दिसेल, पण बिल्ला सरळच हवा, एवढंच सांगितलं आहे. मलाही सगळ्यांसारखा कोट उलटा घालावा लागेल. अस्तराला एक भोक आहे, ते ही शिवून देते आहे.

बुधवार, १७ डिसेंबर

बारावीची प्रतिनिधी येऊन गेली. काडीसारखी मुलगी, शाळा तिला टाचणी म्हणते. तिनं माझी उंची मोजली. धुळीचा त्रास आहे का, गुडघे वाकतात का, दुपारी झोप लागते का, असं सगळं लिहून घेतलं. तयारी चोख. मी विचारलं, आधीचे सर सहाच मिनिटांत कसे सापडले? ती म्हणाली, त्यांना सारख्या शिंका यायच्या, त्यांनी मुद्दाम कधी औषध घेतलं नाही.

शिंकायला नियमात बंदी नाही, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर मिऱ्याची पूड कागदात बांधून कोटाच्या खिशात ठेवली. मुलांना निदान एक वाजवी संधी मिळावी, एवढाच हेतू. हिनं बघितलं. पुडीला रबर लावून दिलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर, सकाळी १०.३५

वही बरोबर आणली आहे. लपवण्याची जागा जिन्याखालची खोली, हरवलेल्या वस्तूंची. जागा गैरसोयीची आहे, पण निवड चांगली, इकडे कोणी फिरकत नाही. शाळा सभागृहात पडदे लावून बसली होती. दहा वाजून वीस मिनिटांनी टाचणीनं मला आत बसवलं. बसायला गुंडाळलेली सतरंजी आहे. नियमाप्रमाणे खोलीतल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी म्हणून माझ्या कोटाच्या गुंडीलाही एक बांधली आहे. दिनांक १९ डिसेंबर. वर्णन: मुख्याध्यापक, एक नग. रंग: करडा. स्थिती: वापरलेली, चालू. अक्षर सुवाच्य आहे. बाहेरून कुलूप लागलं. शोधाला सुरुवात झाल्याची घंटा मी ऐकली.

१०.५०

अजून कोणी नाही. आधीचे गृहस्थ एवढ्या वेळात सापडून चहाला बसले असतील.

११.२०

चाहूलसुद्धा नाही. व्हरांड्यात इतकी शांतता मी आल्यापासून कधी नव्हती. एरवी मला समाधान वाटलं असतं.

११.३०

मिरपूड ओढली. अकरा शिंका आल्या, त्यातली सातवी चांगली दणदणीत. काही उपयोग झाला नाही. पूड संपली. नाक लाल झालं असावं.

१२.०५

वेळ जावा म्हणून वस्तूंची यादी करतो आहे. एकेकटे हातमोजे एकतीस. छत्र्या बारा. डावा बूट एक. खेळताना दातांवर घालायचं कवच एक. निळी बाटली एक, झाकणाच्या कडेला दातांच्या खुणा, तळाला नखानं कोरलेला मासा. तिनं मासा लिहिला असता तर तेव्हाच मंजूर केली असती.

एकतीस हातमोज्यांपैकी एकालाही कोणी विचारायला आलेलं नाही. लोकांना आपलं काय हरवलं आहे हे कळतच नसावं, नाहीतर कळून चालत असावं.

१२.३०

डब्याची घंटा झाली. म्हणजे आता डबे. मला कपाटातले ते पाचवे गृहस्थ आठवले. त्यांनी निदान कुलूप नसलेली जागा तरी मिळवली होती.

स्पष्ट लिहितो, ही वही कोणी वाचणार नाही. मला फार वाईट वाटतं आहे. मी काही वाईट माणूस नाही. मुलं पडू नयेत, त्यांच्या वस्तू हरवू नयेत, तास बुडू नयेत, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यासाठी रेघ मिळावी असं मी काय केलं?

१.१०

मामांनी कुलूप काढून टाचणीला आत सोडलं. मला वाटलं खेळ संपला हे सांगायला. तर तिच्या हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा. म्हणाली, "सर, सह्या हव्यात."

मला आधी काही कळेना. मग उलगडा झाला. सकाळी घंटा झाल्याबरोबर मुलं उठली, आणि मोठ्या बाईंनी दारात उभं राहून परिपत्रक क्रमांक एक वाचून दाखवलं. तासाला वर्गाबाहेर पडायचं तर पास. पासवर सही फक्त मुख्याध्यापकांची. मुख्याध्यापक कुठे आहेत? ते तर शोधायचे आहेत. तेव्हा तीनशे शहाऐंशी मुलं पुन्हा बाकांवर बसली आणि पास भरू लागली. पन्नास पास पाच मिनिटांत संपले. उरलेले तीनशे छत्तीस, दोन प्रतींत, मुलांनी पट्टीनं रेघा मारून हातानं तयार केले. डबा जागेवरच खायचा हेही माझंच परिपत्रक, म्हणून डब्याच्या सुट्टीतसुद्धा कोणी बाहेर पडलं नाही, डबा न उघडता मुलं रेघाच मारत होती. आता शिक्षकांना माझा पत्ता ठाऊक नाही, बारावीला ठाऊक आहे, म्हणून ते घेऊन आली टाचणी.

मी तिला म्हटलं, तुम्ही तर लपवणारे, तुम्हाला उलट बरंच. ती म्हणाली, "लपवण्यात काय मजा सर, कोणी शोधायला सुटलंच नाही तर?"

समास बरोबर सोडले होते. हे मुद्दाम नोंदवतो.

२.३५

सातशे बहात्तर सह्या केल्या. शेवटच्या दीडशे माझ्या वाटत नाहीत, बँकेतून परत आल्या असत्या. मनगट सुजलं आहे.

प्रत्येक पासवर 'कारण' असा रकाना आहे. बहुतेकांनी लिहिलं आहे: मुख्याध्यापक शोधणे. एकानं लिहिलंय: पाणी पिणे, नंतर मुख्याध्यापक शोधणे. दहावीच्या एका मुलानं: सर सकाळपासून जेवले नसतील. एकानं नुसतं: सर.

चौदा पासांवर हजेरी क्रमांक नव्हता. असे पास मी आजवर परत पाठवत आलो आहे. टाचणी माझ्याकडे बघत होती. घड्याळात पावणेदोन झाले होते. क्रमांक मीच भरले. ती म्हणाली, तुम्हाला सगळ्यांचे नंबर पाठ आहेत? म्हटलं, मुख्याध्यापकाला असायलाच हवेत, त्यात काय. तिनं पुढचे पास माझ्यापुढे ठेवले, ते उलटे.

२.४५

निघाले. ऐकू येत आहेत. पण पळायचं नाही, ओरडायचं नाही, डावीकडून एका रांगेत. तीनशे शहाऐंशी मुलं माझ्या दारावरून अगदी हळू, शिस्तीत चालली आहेत. मधूनच कोणीतरी मूठ फिरवून बघतं, कुलूप असतं, दारावरची पाटी वाचतं, 'दावा-अर्जाशिवाय उघडणार नाही', आणि पुढे जातं. पाटी माझ्याच अक्षरात आहे.

मिरपूड उरली नाही. नाकात हातमोज्याची लोकर घालून पाहिली.

२.५२

रांग संपत आली आहे. पावलं दूर जात आहेत. आठ मिनिटं उरली.

२.५४

दाराखालून एक कागद आत आला.

शनिवार, २० डिसेंबर

काल पुढचं लिहायला जमलं नाही. आज लिहितो.

तो दावा-अर्ज होता. आठवी, हजेरी क्रमांक एकोणीस, ती नाडीवाली. वस्तू: मुख्याध्यापक. कधी हरवली: आज सकाळी. ओळखीची खूण या रकान्यात जागा पुरली नव्हती, म्हणून तिनं मागच्या बाजूला लिहिलं होतं. जसंच्या तसं उतरवून घेतो.

"नाडी सुटलेली असली की रागावतात पण ती बांधून होईपर्यंत आपलं दप्तर धरतात. दप्तर खाली ठेवत नाहीत, कारण खाली माती असते. सगळ्यांचं धरतात. हे त्यांना माहीत नाही असं वाटतं."

मी अर्ज दोनदा वाचला. खूण या वेळी बरोबर लिहिली होती. दुसरी प्रत जोडलेली नव्हती. परिपत्रक क्रमांक चार प्रमाणे असा अर्ज बाद होतो.

मी त्यावर 'मंजूर' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद दाराखालून परत सरकवला. बाहेर मामांनी तो मोठ्यानं वाचून दाखवलेला ऐकू आला. मग किल्ली फिरली.

ती दारात उभी होती. आत यायला संकोचत होती, तिचा एक पाय नाडीवरच होता. मी काहीच बोललो नाही, नियमच आहे. तिनं हात पुढे केला, माझ्या बाहीला लावला आणि कोटाची चिठ्ठी वाचली. म्हणाली, "सर, सापडलात."

मी तिला निळी बाटली दिली. मग तिचं दप्तर घेतलं आणि तिनं नाडी बांधली. त्यात दोन मिनिटं गेली. नंतर आम्ही घंटेकडे गेलो, डावीकडून. मोठ्या बाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. हात लागला ती वेळ त्यांनी मामांना विचारून धरली, दोन वाजून सत्तावन्न. तीनशे शहाऐंशी मुलं रांगेत गप्प उभी होती. मला वाटलं काहीतरी बोलायला हवं. मी म्हटलं, आज ओरडायला हरकत नाही. त्यानंतर काय झालं ते लिहिता येणार नाही, अजून कान वाजताहेत.

मोठ्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, सर, तुमच्या परिपत्रकात एक अडचण होती, सांगायचं राहून गेलं. त्या हसत होत्या का ते मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत धूळ गेली होती. सुट्टीनंतर परिपत्रक क्रमांक एक दुरुस्त करतो. दुसरी प्रत नको.

पट्टीवर ४ तास ३७ मिनिटं येणार. शाळेच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा. मामांनी कोरणाऱ्याला पाठवायचा कागद आणला, तो मीच तपासून दिला. ४ आणि ३७. आकडा आहे, रेघ नाही.

घरी आल्यावर हिनं विचारलं, किती वेळ लागला? सांगितलं. ही म्हणाली, चिठ्ठी काढा तरी कोटाची. काढली नाही, राहू दे म्हटलं सुट्टी संपेपर्यंत.

आज सकाळी दादाला फोन केला. म्हटलं, काल मला शोधलं. तो घाबरला, कोणी, काय झालं, बरा आहेस ना, पोलिसात वगैरे तर नाही ना? म्हटलं, नाही रे, आठवीतल्या एका मुलीनं. मग त्याला तिच्या नाडीबद्दल सगळं सांगत बसलो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, हे तू मला का सांगतोयस? म्हटलं, काही नाही, राज्य तुझ्यावर होतं, म्हणून कळवलं.